लिलावातला जुना जनरेटर घ्यावा का?

प्रश्न: एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात १२५ केव्हीएचा जुना डिझेल जनरेटर निघालाय, घेऊन विकला तर परवडेल का?

उत्तर: परवडू शकतं, पण माल 'आहे तसा, आहे तिथे' मिळतो, नंतर तक्रार चालत नाही, म्हणून बोलीआधी मेकॅनिकला घेऊन साइटवर जाच. किती तास चाललाय ते दाखवणाऱ्या मीटरवर भरवसा नको, तो बदलता येतो. डिपस्टिक (इंजिन ऑइल बघायची पट्टी) काढा, ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, इंजिनचा गॅस्केट नाहीतर सिलिंडरचा लायनर गेलेला असू शकतो आणि मग सगळा नफा ओव्हरहॉलिंगमध्येच जातो हो! अल्टरनेटरचं (वीज तयार करणाऱ्या भागाचं) वाइंडिंग मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, तपासा, पावसात पडून ओल लागलेली असते. क्रेन, ट्रक, जीएसटी धरूनच बोली ठरवा. नेमप्लेटचा फोटो काढून पार्ट मिळतात का तेही डीलरला आधीच विचारा.