सप्लिमेंट द्यायचं का? वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न: आमचं ग्रेट डेनचं पिल्लू चार महिन्यांचं आहे. पपी फूड खातो, शिवाय हाडं मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियमचं सिरप, कॉड लिव्हर ऑइल आणि मल्टिव्हिटॅमिन पण चालू आहे. सगळं नॅचरल आहे, मग चालेल ना?

उत्तर: नाही, आणि ग्रेट डेन आहे म्हणून तर अजिबातच नाही. मोठ्या कुत्र्याचं आतडं गरजेपुरतंच कॅल्शियम आत घेतं, पण साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला हा कंट्रोल नीट जमत नाही, म्हणजे तुम्ही जितकं घालाल त्यातलं बरंचसं शरीरात जातंच. आणि भराभर वाढणाऱ्या मोठ्या जातीत जास्तीच्या कॅल्शियमने हाडं मजबूत होत नाहीत, उलट सांध्यातली कूर्चा बिघडते, पाय वाकडे होऊ शकतात, वर आहारातलं झिंकही नीट शोषलं जात नाही. म्हणजे ज्या भीतीने सिरप सुरू केलंत तेच होऊन बसतं.

आता तुमचं सगळं एकत्र मांडून बघा. वाढत्या वयासाठीच्या कम्प्लीट फूडमध्ये व्हिटॅमिन डी आधीच मापाने घातलेलं असतं, कॉड लिव्हर ऑइलमध्ये ए आणि डी दोन्ही असतात, मल्टिव्हिटॅमिनमध्ये परत डी. तीन ठिकाणांहून एकच गोष्ट जातेय! डी चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही, रक्तातलं कॅल्शियम वाढवतं आणि किडनी खराब करतं. 2018-19 मध्ये अमेरिकेत डी जास्त पडलं म्हणून कुत्र्यांची बरीच फूड्स बाजारातून परत घ्यावी लागली होती, आणि ती तर फॅक्टरीत मोजून बनवलेली! त्यामुळे नॅचरल या शब्दावर जाऊ नका, डोस बघा.

सिरप, कॉड लिव्हर ऑइल आणि मल्टिव्हिटॅमिन, तिन्ही बंद करा, हळूहळू कमी करत बसायची गरज नाही. खूप पाणी पिणं, सारखी लघवी, उलट्या, खाणं सोडणं किंवा लंगडणं दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे जा, रक्तातलं कॅल्शियम आणि किडनी तपासून घ्या. डॉक्टरांनी एखादी कमतरता बघून काही लिहून दिलं असेल तर मात्र ते आपल्या मनाने थांबवू नका. आणि कोणी घरचंच जेवण देत असेल, नुसतं मांस-भात वगैरे, तर तिथे कॅल्शियम खरंच कमी पडतं, पण तेही आहारतज्ज्ञ व्हेटकडून मोजून घ्यायचं, चमच्याच्या अंदाजाने नाही.

प्रश्न: मांजरीचे केस गळतायत म्हणून माझ्याच मल्टिव्हिटॅमिनची पाव गोळी देते. अँटीऑक्सिडंटची कॅप्सूलपण द्यावी का?

उत्तर: कृपा करून ती कॅप्सूल देऊ नका, आणि पाव गोळीही आजपासून बंद. माणसांच्या अशा बऱ्याच कॅप्सूलमध्ये अल्फा लिपोइक अ‍ॅसिड असतं आणि मांजरीला ते कुत्र्यापेक्षा साधारण दहापट जास्त बाधतं. वजनाच्या दर किलोला 30 मिलिग्रॅमलाही मांजरीच्या लिव्हरला इजा झालेली आहे. चार किलोच्या मांजरीला हे झाले 120 मिलिग्रॅम, आणि बाजारात 300 किंवा 600 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल सर्रास मिळते. मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह आणि डी असतं, ते माणसाच्या वजनाच्या हिशोबाने असतं, त्यामुळे गोळीचे चार तुकडे केले म्हणून ती मांजरीची होत नाही.

केस का गळतायत हे आधी शोधायला हवं. पिसवा, अ‍ॅलर्जी, ताणामुळे सतत चाटणं, अशी कारणं जास्त सापडतात आणि त्यांच्यावर व्हिटॅमिनचा काही उपयोग नाही. घरात कुत्रापण असेल तर माणसांच्या गोड गमीज आणि चघळायच्या गोळ्या वर कपाटात ठेवा, त्यांच्यात झायलिटॉल म्हणजे साखरेऐवजी घातलेला गोड पदार्थ असू शकतो, लेबलवर कधी कधी बर्च शुगर लिहितात. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे 0.1 ग्रॅम झायलिटॉलनेही रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते, कधी अर्ध्या तासाच्या आतच.

प्रश्न: पिसवांसाठी लसणाच्या गोळ्या?

उत्तर: नको. लसणाने तांबड्या पेशी फुटतात, मांजरीत तर अजून सहज, आणि अशक्तपणा काही दिवसांनी दिसतो त्यामुळे कशामुळे झालं हे लक्षातही येत नाही. पिसवा जातात याचा धड पुरावा नाही. पिसवांचं व्हेटकडचं औषध वापरा, पण कुत्र्याचं मांजरीला लावू नका.

प्रश्न: म्हाताऱ्या कुत्र्याला सांध्यांसाठी ग्लुकोसामाइन आणि फिश ऑइल चालेल का?

उत्तर: चालेल. ग्लुकोसामाइनचा फायदा होतो की नाही यावर अभ्यासांचं एकमत नाही, पण योग्य डोसला सहसा त्रास होत नाही. दोनेक महिने देऊन बघा, चालण्यात काहीच फरक नसेल तर पैसे वाया घालवू नका. वजन जास्त असेल तर ते उतरवणं या दोन्हीपेक्षा जास्त कामाचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. फिश ऑइल साधं घ्या, कॉड लिव्हरचं नको, जुलाब झाले तर कमी करा, आणि ऑपरेशन ठरलं तर सर्जनला आधी सांगा कारण रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो.

सांध्यांच्या या गोळ्यांना मटणाचा वास असतो आणि कुत्रे आख्खा डबा फोडून खातात. तसं झालं तर वाट बघू नका, मीठ पाजून उलटी करवू नका, मिठाचीच विषबाधा होते. डबा सोबत घ्या, किती गोळ्या उरल्या ते मोजा आणि थेट दवाखाना गाठा.