आईबाबा भारतातून आलेत, प्रिन्स्टनजवळ चालायला सोपी आणि थोडा इतिहास असलेली जागा कुठली?

तुम्ही लिहिलंय की बाबांचे गुडघे दुखतात, चढ नको, आणि आईला नुसती झाडं बघून कंटाळा येतो. मग माझं उत्तर एकच, न्यू जर्सीतलं डेलावेअर अँड रॅरिटन कॅनॉल स्टेट पार्क, म्हणजे जुन्या कालव्याकाठची बाग. एन्ट्री फी नाही, आणि रस्ता एकदम सपाट, कारण तो मुळात खेचरांसाठी केलेला आहे. कालव्यातली बोट काठावरून चालणारी खेचरं दोरानं ओढायची, त्यांची ती वाट म्हणजे आजचा टोपाथ.

सुरुवात किंग्स्टनला करा. तिथे जुनं लॉक आहे, शेजारी लॉक सांभाळणाऱ्याचं घर. लॉक म्हणजे काय हे बाबांना तिथेच उभं राहून समजवा, पुढचा-मागचा दरवाजा बंद करून मधलं पाणी वर-खाली करायचं आणि बोट त्या पाण्याबरोबर चढवायची किंवा उतरवायची, मेन कालव्यावर अशी १४ लॉक होती. तिथून रॉकी हिलकडे साधारण दोन मैल आहे, पण सगळं चालायलाच पाहिजे असं काही नाही, दमले की मागे फिरा.

आईला हे नक्की सांगा. १८३० ते १८३४ मध्ये हा कालवा खणला, तोही कुदळ-फावड्यानं, बहुतेक मजूर आयर्लंडहून आलेले, १८३२ मध्ये कॉलरा आला त्यात कितीतरी जण गेले आणि काहींना इथेच कालव्याच्या आसपास पुरलं. मला हे माहीत झाल्यापासून तिथून नुसतं सायकल मारत जाववत नाही. आपणही लांबून पोटासाठी इथे आलेले लोक आहोत, त्या मजुरांची आठवण ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

मग पेनसिल्व्हेनियाचा कोळसा याच पाण्यावरून न्यूयॉर्ककडे जायला लागला. डोलकाठीवाल्या बोटी जाव्यात म्हणून पूल बाजूला फिरवायचे, त्यासाठी पुलापाशी माणूस राहायचा, ग्रिग्जटाउनला तसं घर अजून आहे आणि खेचरवाल्यांची राहायची जागा पण. १८७१ ला कालवा पेनसिल्व्हेनिया रेलरोडनं लीजवर घेतला, पण त्यांना इंटरेस्ट रेल्वेत, त्यामुळे हळूहळू धंदा बसला आणि १९३२ ला वाहतूक बंद. स्टेट पार्क झालं १९७४ ला. गावाकडची माणसं विचारतातच की हे पाणी शेतीला जातं का, तर आता ते पिण्यासाठी वापरतात.

ताकद उरली तर किंग्स्टनजवळच रॉकिंगहॅम नावाचं जुनं घर आहे, १७८३ मध्ये सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन तिथे राहिला होता आणि सैन्याला निरोपाचा आदेश त्यानं तिथूनच लिहिला. आत जायचं असेल तर टूरची वेळ आधी बघून जा.

बाकी, बाथरूम सगळीकडे नाहीये, घरून जाऊनच निघा. उन्हाळ्यात गवतात शिरू नका, टिक (रक्त पिणारे गोचिडीसारखे किडे) असतात, घरी आल्यावर पाय नीट तपासा. तीन-तीन पानांची वेल दिसली तर हात लावू देऊ नका, पॉयझन आयव्ही असते, अंगाला खाज सुटते, आणि आपल्या आयांना पानं तोडून बघायची सवय असते. वीकेंडला पार्किंग लवकर भरतं, सकाळी जा. दोन गाड्या असतील तर एक रॉकी हिलला लावून ठेवा म्हणजे बाबांना परत चालावं लागणार नाही.