प्रयोगशाळेत काम केलेल्या व्यक्तीला जनसंपर्क क्षेत्रात येता येते का?

औषधनिर्मिती कंपनीच्या गुणवत्ता विभागात पाच वर्षे काढल्यानंतर, पत्रकारितेचे शिक्षण नसताना जनसंपर्काकडे वळता येईल का आणि असे कोणी वळले आहे का, असे आपण विचारले आहे. मी वळले आहे, पण ते ठरवून झाले नाही. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यानंतर मी पश्चिम महाराष्ट्रातील एका सहकारी दूध संघाच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षे होते. टँकरमधून आलेल्या दुधाचे फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधात उरणारे घन घटक) मोजणे, आम्लता तपासणे, उकळल्यावर दूध फाटते का ते पाहणे आणि पिशवीबंद दुधाचे राखीव नमुने सांभाळणे हे माझे काम होते, आणि ते मला मनापासून आवडत होते.

एका मे महिन्यात जवळच्या तालुक्याच्या गावातून एक चित्रफीत पसरली. आमच्या पिशवीतले दूध तापवल्यावर त्याचा रबरासारखा ताणला जाणारा गोळा झालेला त्यात दिसत होता आणि खाली ‘प्लास्टिकचे दूध’ असे लिहिले होते. संघात तेव्हा जनसंपर्क अधिकारी नव्हता. ‘हा आरोप बिनबुडाचा आहे’ असा एका ओळीचा खुलासा वर्तमानपत्रांना पाठवावा, असे वरिष्ठांचे मत पडले. मला ते पटले नाही, कारण चित्रफितीतला गोळा खरा होता. दूध उन्हात राहिले की जिवाणू त्यातील लॅक्टोज या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात, आणि असे आंबू लागलेले दूध तापवले की केसिन हे प्रथिन साखळते व आटवत राहिल्यास चिवट होते. पनीर याच तत्त्वावर तयार होते. त्या बॅचचा राखीव नमुना मी तपासला, तो निर्दोष निघाला. मग वितरणाचा माग काढल्यावर समजले की त्या मार्गावरील क्रेट सकाळी दुकानाबाहेर उतरवून बराच वेळ उन्हात ठेवलेले होते.

हे सगळे मी पानभर लिहून काढले आणि तालुक्याच्या वार्ताहराला वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे विचारले, “मॅडम, आम्लता वाढली म्हणजे घरात दूध तापवणाऱ्या बाईने काय समजायचे?” या एका प्रश्नाने माझ्या पुढच्या आयुष्याची दिशा बदलली, असे मी आजही मानते. संध्याकाळी पान लागण्यापूर्वी मी तो मजकूर पुन्हा लिहिला. दूध कशामुळे नासले, त्यात चूक कोणाची (ती आमच्याच वितरणाची होती), पैसे कोठे परत मिळतील आणि शंका असलेल्या कोणालाही प्रयोगशाळेत येऊन स्वतःच्या डोळ्यांनी तपासणी कशी पाहता येईल, एवढेच त्यात ठेवले. ‘चूक आमची’ हे शब्द राहू द्यावेत म्हणून मला वरिष्ठांशी दोन तास बोलावे लागले. त्या मजकुरावर खर्च झालेल्या वेळातला बहुतेक वेळ तिथेच गेला.

जनसंपर्काच्या कामाचा मोठा भाग असा संस्थेच्या आतच चालतो, हे बाहेरून दिसत नाही. पुढे संघाने मला हेच काम कायमचे दिले आणि मी नोकरी सांभाळून जनसंपर्काची पदविका पूर्ण केली. तिथे आधुनिक जनसंपर्काच्या प्रवर्तकांपैकी एक मानले जाणारे अमेरिकेचे आयव्ही ली यांच्याविषयी वाचले. ते मूळचे बातमीदार होते. १९०६ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा अपघात होऊन पन्नासहून अधिक माणसे दगावली, तेव्हा माहिती दडपण्याऐवजी त्यांनी रेल्वेच्या वतीने लेखी निवेदन काढले आणि पत्रकारांना घटनास्थळी नेण्याची व्यवस्था केली. आजच्या प्रसिद्धीपत्रकाचा उगम तेथे मानला जातो. ते वाचताना मला आमच्या क्रेटची आठवण झाली.

आपल्याबाबत सांगायचे तर, गुणवत्ता विभागातली आपली सवय हीच मोठी जमेची बाजू आहे. जे मोजले तेच लिहायचे आणि जे मोजले नाही त्याविषयी दावा करायचा नाही, ही शिस्त अंगी बाणायला वर्षे लागतात, आणि औषधांसारख्या क्षेत्रात तिच्यावाचून केलेला जनसंपर्क लोकांच्या जिवाशी खेळ ठरू शकतो. आपल्याला कमी पडेल ते सोप्या मराठीत वेगाने लिहिणे आणि बातमीदाराच्या वेळेचे भान. दोन्ही सरावाने येतात. शासकीय सेवेत, म्हणजे जिल्हा माहिती अधिकाऱ्यासारख्या पदांसाठी, पत्रकारितेची पदवी किंवा पदविका लागते, त्यामुळे तो मार्ग हवा असेल तर शिक्षणाची तयारी आधी करा. खासगी कंपन्या, रुग्णालये आणि सहकारी संस्था मात्र विषयाची जाण असलेल्या माणसाला पुष्कळदा संधी देतात. नोकरी लगेच सोडू नका. आपल्या कंपनीत एखादी बॅच कोणत्या कारणांनी नाकारली जाते, हे औषध घेणाऱ्या रुग्णाला समजेल अशा २०० शब्दांत लिहा आणि विज्ञान न शिकलेल्या एखाद्या व्यक्तीला वाचायला द्या. ती जिथे अडखळेल, तिथून पुन्हा लिहायला घ्या.