मच्छरजाळीची चौकट आणि योग्य करवत

प्रश्न : गिरगावातील आमच्या चाळीतल्या खिडकीसाठी मच्छरजाळीची चौकट घरीच करण्याचा विचार आहे. अॅल्युमिनियमचे पोकळ सेक्शन सव्वा मिलिमीटर जाडीचे आहेत. घरात लाकडाची करवत आहे आणि शेजाऱ्यांचा ग्राइंडरही मिळू शकतो. यांपैकी काय वापरावे? – एक वाचक

उत्तर : दोन्ही बाजूला ठेवावे. लाकडाच्या हातकरवतीचे मोठे दाते पातळ पत्र्यात अडकतात आणि सेक्शन वाकतो. ग्राइंडरला लोखंड कापण्याची चकती असेल, तर मऊ अॅल्युमिनियम तिच्या खरखरीत पृष्ठभागात भरून बसते. मग ती कापण्याऐवजी घासू लागते, तापते आणि फुटण्याचाही धोका असतो. शिवाय चाळीतल्या खोलीत तो आवाज कोण सहन करणार?

आपल्या कामाला साधा हॅकसॉ, म्हणजे धातू कापायची हातकरवत, पुरेसा आहे. खरा प्रश्न पात्याचा आहे. हार्डवेअरच्या दुकानात, किंवा नागदेवी स्ट्रीटवर गेलात तर तिथे, इंचाला 18, 24 आणि 32 दात्यांची पाती मिळतात. कापाच्या जाडीत एका वेळी निदान दोन-तीन दाते असावेत, असा जुना नियम आहे. 24 दात्यांच्या पात्यात दोन दात्यांमधले अंतर सुमारे एक मिलिमीटर असते, म्हणून आपल्या सेक्शनसाठी 32 चे पाते घ्यावे आणि ते किंचित तिरके धरावे, म्हणजे एका वेळी अधिक दाते धातूला लागतात. उलट पाच-सहा मिलिमीटर जाडीची पट्टी असती, तर 18 चेच पाते सुचवले असते, कारण बारीक दात्यांत चिकट भुगा लगेच भरतो.

पाते बसवताना दात्यांची टोके पुढे असावीत. सेक्शनच्या पोकळीत बसेल असा लाकडाचा तुकडा आत घालून तो क्लॅम्पने आवळावा आणि पात्याला मेणबत्ती घासावी. मिनिटाला चाळीस-पन्नास संथ हात पुरतात. मागे ओढताना दाब देऊ नये. कडेवर राहिलेली धार कानशीने काढावी, नाहीतर बोट हमखास कापते.

45 अंशांचे कोपरे हाताने अचूक जमणे मात्र कठीण आहे. तिथे मी कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेटरकडे जाईन, कारण त्याच्या कटर मशीनला अॅल्युमिनियमसाठीचे कार्बाइड दात्यांचे पाते असते. मापे आपणच न्यावीत आणि खिडकी वर, मध्ये व खाली अशा तिन्ही ठिकाणी मोजावी. जुन्या चाळीत काटकोन क्वचितच सापडतो.