वाचक विचारतात: कौल, कावळा आणि राखणीचा कोंबडा

या वेळची बहुतेक पत्रं सिंधुदुर्ग-रत्नागिरीतली आहेत, दोन मुंबईहून आलेली. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : घराच्या जागेसाठी ग्रामदेवतेला कौल लावला. पहिला डावा झाला, दुसराही डावा, तिसऱ्या वेळी उजवा. घर बांधावं का? (कुडाळ तालुका)

पहिला कौल धरावा. (कौलात देवाला लावलेली उजवीकडची कळी आधी सुटली तर होकार, डावीकडची सुटली तर नकार.) एका प्रश्नाला एकदाच कौल, हा कौलाचा पाया आहे. उजवा मिळेपर्यंत लावत राहायचं म्हणजे देवाला विचारणं नव्हे, त्याच्याकडून वदवून घेणं झालं. डाव्यानंतर पुढे विचारायचंच असेल तर प्रश्न बदलतो. 'जागा मान्य आहे पण वेळ नाही, असं असेल तर उजवी दे', असं मागावं. प्रश्न हो-नाहीचाच हवा आणि एका वेळी एकच. 'बांधू का, आणि पूर्वेला दार ठेवू का' असं विचारलंत तर उत्तर कशाचं मिळालं ते कुणालाच कळत नाही.

आता लावण्याची पद्धत, कारण बरीच गडबड तिथेच होते. पाषाणाला आधी स्नान घालतात. मग तो पुसतात, पण ठणठणीत कोरडा करत नाहीत. कुठे भिजवलेले तांदूळ, कुठे अबोलीच्या कळ्या, कुठे पाकळ्या पाण्यात बुडवून मूर्तीच्या ठरलेल्या जागी डाव्या-उजव्या बाजूला चिकटवतात. किती लावायच्या ते देवळागणिक वेगळं. उजवी म्हणजे बहुतेक ठिकाणी देवाची उजवी, समोर उभ्या माणसाची डावी. तुमच्या देवळात कोणती धरतात ते गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढची मोठ्याने केलेली विनवणी, घालण्याआधीच विचारून ठेवा. पाणी जास्त झालं तर कळी चिकटतच नाही, गाऱ्हाणं संपायच्या आत ओघळते. ती मोजू नये, पुसून नव्याने लावावी. उन्हाळ्यात गाभाऱ्यात पंखा सुरू असेल तर वाऱ्याकडची बाजू आधी सुकते आणि आधी सुटते, म्हणून पंखा बंद करून दार लोटून घ्यावं. पावसाळ्यात कळी तासभरही हलत नाही. कौल अडला तर जबरदस्ती करू नये, दुसऱ्या दिवशी यावं. पाणी आटलं की पाकळी सुटणारच. कुठली आधी सुटावी हे देव ठरवतो, ही श्रद्धा. म्हणूनच दोन्ही बाजूंचं पाणी आणि कळीचा आकार सारखा राखणं ही गुरवाची मोठी जबाबदारी आहे.

मालवण तालुक्यातल्या आचरे गावाची गावपळण याच कौलावर ठरते. दर तीन-चार वर्षांनी श्री रामेश्वराचा उजवा कौल झाला की सगळा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर राहुट्यांत जातो. तीन रात्री झाल्या की परतायचा कौल लावतात. तो डावा झाला तर गाव आणखी थांबतो, चौथ्यांदा-पाचव्यांदा लावत बसत नाही.

प्रश्न : आईच्या दहाव्याला दोन तास कावळा शिवला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तिचा आत्मा अडकला असेल का? (राजापूर)

नाही. दर्भाचा कावळा शिवला म्हणजे दहाव्याचा विधी पुरा झाला, त्यात उणेपणा नाही.

दहा दिवसांत काय होतं असं मानतात ते सांगतो, म्हणजे मनातली भीती निघेल. स्थूल देह जळाला तरी लिंगदेह उरतो. वेदान्तात तो सतरा तत्त्वांचा सांगितला आहे: पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच प्राण, मन आणि बुद्धी. त्याला पुढच्या वाटेसाठी शरीर लागतं, ते पिंडांतून घडतं. गरुडपुराणाप्रमाणे पहिल्या दिवशीच्या पिंडाने डोकं, दुसऱ्याने मान आणि खांदे, तिसऱ्याने हृदय, चौथ्याने पाठ, पाचव्याने बेंबी असं खाली खाली येत नवव्या दिवशी पावलं तयार होतात. दहाव्या दिवशी त्या देहाला भूक-तहान लागते. म्हणून दहाव्याचा पिंड महत्त्वाचा. देह घडवतो तो पिंड आणि तुम्ही ओतलेलं तिळाचं पाणी. कावळा फक्त पोच देतो. तो मान त्याला का, याची कथा रामायणाच्या उत्तरकांडात आहे. मरुत्त राजाच्या यज्ञात रावण आला तेव्हा यमाने कावळ्याचं रूप घेऊन स्वतःला लपवलं. त्या उपकारापोटी त्याने वर दिला की तू जेवलास की माझ्या लोकातले भुकेले तृप्त होतील.

बाराव्याला सपिंडीकरणात प्रेतपिंडाचे तीन भाग करून ते तीन पितरांच्या पिंडांत मिसळतात. तिथे 'प्रेत' हा शब्द संपतो, आई पितरांत गेली. तुमच्या पत्रात बारावा नीट झाल्याचं लिहिलं आहे, तेवढं पुरे.

कावळा न शिवण्याची साधी कारणंही असतात. पिंडाभोवती वीस-पंचवीस माणसं उभी असतात, भटकी कुत्री घुटमळत असतात, जवळच उदबत्तीचा धूर असतो. पान उघड्या जागी ठेवून सगळ्यांनी पंधरा-वीस पावलं मागे सरावं आणि गप्प बसावं. आणि ताई, त्या दोन तासांत कावळा शिवावा म्हणून 'धाकटीचं शिक्षण मी पुरं करीन' असा शब्द तुमच्या भावाने दिल्याचं तुम्ही लिहिलं आहे. तो त्याने पाळावा. कावळा आला नाही म्हणून शब्द सुटत नाही.

प्रश्न : वडील होते तोवर दरवर्षी बागेत राखण देत. आता मी मुंबईत. कोंबड्याऐवजी नारळ चालेल का? पैसे पाठवून दुसऱ्याकडून करून घेऊ का? (मूळ गाव देवगड तालुका)

राखण म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, दिलेला मान. राखणदार हा जागेचा असतो, कुळाचा नव्हे. त्या हद्दीत जो कसतो, त्याने ती द्यायची. तुमचे चुलतभाऊ बाग बघत असतील तर त्यांनी दिलेली राखण पोचते, पण गाऱ्हाण्यात तुमचं नाव यायला हवं.

साहित्य साधं असतं: एक नारळ, विडा, उदबत्ती, केळी, आणि प्रथा असेल तिथे कोंबडा. काही वाड्यांत विडी किंवा दारूचा थेंबही ठेवतात. गाऱ्हाण्याचा क्रम चुकवू नये. आधी ग्रामदेवता, मग बारा-पाचाचे (गावातले बाकीचे) देव, मग त्या जागेचा राखणदार. नंतर कोण देतो, कशासाठी देतो. मग मागणं, आणि शेवटी 'चुकला माकला पदरात घे, व्हय म्हाराजा'. बऱ्याच वाड्यांत राखणीचं जेवण जाग्यावरच शिजवून तिथेच संपवतात, घरी काही आणत नाहीत. मुंबईहून येणारी मंडळी उरलेलं डब्यात भरून नेतात, तेव्हा वाडीतली म्हातारी माणसं रागावतात ती यासाठी.

कोंबडा बंद करायचा असेल तर गुपचूप करू नका. देवळात कौल घ्या, उजवा झाला की गाऱ्हाण्यात तसं सांगा आणि पुढे दरवर्षी तेच चालवा. नारळावर राखणदार भागत नाही असं कुणी घाबरवलं तर वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा आठवा. सगळ्या भुतांचा धनी तो, आणि त्याला लागतो केळ्यांचा घड आणि चामड्याच्या वहाणांचा जोड. रात्री गावाची राखण करत फिरून त्या झिजतात, असं भाविक सांगतात.

प्रश्न : मे महिन्यात गावी मुलं प्लँचेट करत होती. वाटी खरंच फिरली. पुतणी तेव्हापासून एकटी झोपत नाही.

वाटी फिरते ती बोटांनीच, पण बोटं ठेवणाऱ्याला ते कळत नाही. 1853 साली मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने, आत्मे फिरवतात असं लोक मानत त्या टेबलांवर, हे दाखवलं. हाताखाली सरकणारे पुठ्ठे ठेवले, तेव्हा टेबलाआधी हातच सरकत होते. पुतणीसमोर दिवसाउजेडी करून दाखवा. सगळ्यांचे डोळे बांधा, मग अक्षरांचा तक्ता न सांगता उलटा फिरवा. वाटी फिरेल, पण शब्द जुळणार नाहीत. मुलीला रागावू नका, आठवडाभर तिच्या खोलीत कुणीतरी झोपा.

प्रश्न : जाणत्याने (बाधा-करणी सांगणाऱ्याने) घरावर करणी आहे म्हणून सांगितलं. लिंबू कापलं तर रक्त आलं, नारळातून केस निघाले. भाऊबंदातल्या काकूंचं नाव घेतलं आणि उतरवायचे एकवीस हजार मागितले. (गुहागर)

पैसे देऊ नका, आणि काकूंशी अबोला धरला असेल तर आजच सोडा.

सुरीच्या पात्याला मिथिल ऑरेंज लावून वाळवलं की लिंबाच्या आंबट रसात ते लाल होतं. नारळाच्या तीन डोळ्यांतला एक मऊ असतो. शेंडी बाजूला करून तो टोकरतात, केस, कुंकू, टाचण्या आत सारतात आणि शेंडी पुन्हा बसवतात. पडताळायचं असेल तर लिंबू तुमच्या झाडाचं घ्या आणि तुमच्याच विळीवर कापा. नारळ तुमच्या माडाचा घ्या, स्वतः सोला. जाणत्याला हात लावू देऊ नका.

गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या देवस्थानाच्या रीतीत, देवाचं काम चारचौघांत होतं. गाऱ्हाणं मोठ्याने घालतात, नारळ सगळ्यांसमोर फुटतो, प्रसाद वाटतात. एकांत, अमावास्येची रात्र, 'कुणाला सांगू नका' आणि हजारांतली रक्कम असं एकत्र आलं की तिथून उठावं. एखाद्या बाईवर करणीचा आळ घेणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे; शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. तक्रार पोलीस ठाण्यात करा.

प्रश्न : आमच्याकडे विंचू मंत्राने उतरतो. मग दवाखाना कशाला?

बऱ्याच दंशांत नुसतीच कळ असते, ती काही तासांनी आपोआप उतरते आणि श्रेय मंत्राला जातं. कोकणातला लाल विंचू वेगळा. त्याचं विष हृदयावर जातं. दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं, धाप लागणं यातलं एकही दिसलं तर थांबू नका, विशेषतः लहान मुलाला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध यासाठी वापरून दाखवलं आणि त्यातून असंख्य जीव वाचले. दंशाची वेळ कागदावर लिहा, जखम कापू नका, चोखू नका, रुग्णाला चालवत नेऊ नका. मंत्र म्हणायचाच असेल तर म्हणणाऱ्याला गाडीत शेजारी बसवा. त्याच्यासाठी गाडी थांबवू नका. विंचू, साप किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवणं हाही त्याच कायद्याखाली गुन्हा आहे.