मासा पारदर्शक झाला, पण हाडे रंगेनात

प्रश्न : चार-पाच सेंटिमीटरच्या माशांचे सांगाडे आम्ही दुहेरी रंगाने, म्हणजे कूर्चा निळी आणि हाडे लाल, असे तयार करतो आहोत. मासे जुन्या फॉर्मॅलिनमध्ये महिनाभर होते, निळ्या रंगात तीन दिवस ठेवले. मांस आता छान पारदर्शक झाले आहे, पण फासळ्या रंगहीन आणि कवटी जेमतेम गुलाबी. अंगभर निळसर झाकही आहे. लाल रंगात आणखी काही दिवस ठेवावे का?

उत्तर : उपयोग होणार नाही. ॲलिझरीन रेड एस हा लाल रंग हाडातल्या कॅल्शियमला चिकटतो. तुमच्या माशांचे कॅल्शियम लाल रंगाची पाळी येण्याआधीच आम्लात विरघळून गेले आहे आणि गेलेले परत आणता येत नाही. बारीक फासळ्या आधी जातात, जाड कवटी तग धरते. दोष बहुधा दोन ठिकाणी आहे. जुने फॉर्मॅलिन आम्लधर्मी होत जाते, आणि निळ्या रंगाच्या द्रावणात तर ॲसेटिक आम्लच असते.

पुढच्या खेपेला बफर (आम्लता वाढू न देणारे मिश्रण) घालून 10 टक्के फॉर्मॅलिन ताजे बनवा. एवढ्या लहान माशाला त्यात दोन-तीन दिवस पुरतात. मग पाणी बदलत दोन दिवस धुवा, खवले, कातडी व आतडी काढा आणि 95 टक्के अल्कोहोलमध्ये दोनदा, एकेक दिवस ठेवा. ही पायरी गाळण्याचा मोह होतो, पण ऊतीत पाणी उरले की निळा रंग मांसातही बसतो. तुमची निळसर झाक यातूनच आली असावी.

निळे द्रावण असे : 95 टक्के अल्कोहोल 80 मिली, निर्जल ॲसेटिक आम्ल 20 मिली, ॲल्शियन ब्लू 10 मिलिग्रॅम. यात मासा फार तर 24 तास ठेवा. इतक्या लहान माशाला त्याहून कमी वेळही चालतो. बाहेर काढताच अल्कोहोल दोनदा बदला, पायरीपायरीने पाण्यावर आणा आणि उरलेले आम्ल मारण्यासाठी रात्रभर संपृक्त बोरॅक्सच्या द्रावणात ठेवा. लाल रंग वाचतो तो या रात्रीमुळे.

पारदर्शक करायला संपृक्त बोरॅक्स 30 मिली, ऊर्ध्वपातित पाणी 70 मिली आणि ट्रिप्सिन (मांस पचवणारे विकर) 1 ग्रॅम. दर दोन-तीन दिवसांनी द्रावण बदला, मणके स्पष्ट दिसू लागले की थांबा. अति केले तर पर गळून पडतात. त्यानंतर 0.5 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गडद जांभळा होईपर्यंत ॲलिझरीन घालून एक दिवस ठेवा.

माशाची अळी असेल तर मात्र आम्लाचा मार्ग सोडाच. तिथे ॲसेटिक आम्लाऐवजी मॅग्नेशियम क्लोराइड वापरणारी पद्धतच योग्य.

प्रश्न : विरंजन करताना, म्हणजे कातडीचा गडद रंग घालवताना, पोटात बुडबुडे अडकतात आणि मासा ग्लिसरीनवर तरंगतो.

उत्तर : हायड्रोजन पेरॉक्साइड जास्त पडते आहे. 100 मिली द्रावणाला 3 टक्क्यांचे तीन-चार थेंब पुरे. उजव्या कुशीला छोटा छेद देऊन वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, फोडा; अभ्यासाची डावी बाजू शाबूत राहते. अडकलेले बुडबुडे मऊ कुंचल्याने हळू दाबून काढा.

ग्लिसरीनमध्ये एकदम टाकू नका. पोटॅशियम हायड्रॉक्साइड व ग्लिसरीन 3:1, मग 1:1, मग 1:3 आणि शेवटी शुद्ध ग्लिसरीन. प्रत्येक वेळी मासा तळाशी बसला की पुढे सरका. बुरशी टाळायला थायमॉलचा एक खडा घाला आणि बाटली अंधारात ठेवा, कारण उजेडात रंग फिका पडतो.