टाक्यात सोडायला आणलेल्या गप्पी माशांतले नर-मादी कसे ओळखायचे?

रंगावर जाऊ नका. डासांच्या अळ्यांसाठी आरोग्य उपकेंद्रातून मिळणारे गप्पी तसेही फिकट असतात, आणि दुकानातल्या फॅन्सी गप्पीच्या मादीचीही शेपटी रंगीत असते. मासा लोणच्याच्या धुतलेल्या काचेच्या बरणीत घ्या, उजेडाकडे धरून बाजूनं पहा. पोटाखाली, शेपटीच्या अलीकडे एक पर असतो. तो पंख्यासारखा तिकोनी पसरला तर मादी. काडीसारखा बारीक, मागं पोटाला चिकटून असेल तर नर. मादीच्या त्या पराजवळ काळसर डागही दिसतो. पिल्लं द्यायची वेळ जवळ आली की तो गडद होतो. अंगानं मादी 5-6 सेंटीमीटरपर्यंत जाते, नर 3 च्या आसपास.

पिल्लांत मात्र पहिले 3 आठवडे काहीच कळत नाही, घाई करू नका. पण वेगळे ठेवायचे असतील तर महिन्याच्या आत निवडा. एकदा नराशी गाठ पडली की मादी त्याचं बीज पोटात साठवून ठेवते आणि पुढं नर नसतानाही काही महिने पिल्लं देत राहते. "एकटीच होती, पिल्लं कुठून आली?" याचं उत्तर हेच. टाक्यात एका नरामागं 2-3 माद्या सोडा. नर जास्त झाले तर माद्यांना दम घेऊ देत नाहीत.